साखळी टाक्याचे चूकदुरुस्तीपत्र

कचेरीच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली मी गेली सत्तावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे शिक्षण मी कागदांकडून घेतले. वारसनोंद असो, शिधापत्रिकेतील नाव असो किंवा बांधाची तक्रार असो, प्रत्येक गाऱ्हाण्याला एक ठरलेली वाट असते आणि ती शब्दांतून जाते, हे मला फार लवकर उमगले. हल्ली शेजारच्या दुकानातील मुलगी मजकूर संगणकावर उतरवते. परंतु मजकूर माझाच असतो. पदवी घेतलेली माणसे माझ्या टेबलासमोर उभी राहून “काका, एवढं जरा बसवून द्या” असे म्हणतात, तेव्हा मला आश्चर्य वाटत नाही.

या व्यवसायाने मला दोन सवयी लावल्या. मुद्रांकाचा कागद हातात आला की मी प्रथम त्याची मागची बाजू पाहतो. विक्रेत्याची नोंद तिथे असते. पुढची बाजू कितीही देखणी असली तरी मागे नोंद नसेल, तर तो कागद रद्दीच्या मोलाचा. दुसरी सवय अशी की मजकूर पूर्ण झाल्यावर तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि ‘बरोबर आहे’ हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय सही अथवा अंगठा घ्यायचा नाही. या दोन्ही सवयी मी सायंकाळी घरी परतताना कचेरीतच ठेवून येत होतो, ही बाब गेल्या वर्षी एका शिवणयंत्राने माझ्या निदर्शनास आणून दिली.

माझी पत्नी कुंच्या शिवते. बाळाच्या डोक्यावर टोपी आणि टोपीलाच जोडून पाठीवर उतरणारे कापड, अशी ती कुंची. बारशाला तिच्याविना बाळ पाळण्यात घालत नाहीत. कुंच्या बाजारातही मिळतात. पत्नीच्या कुंचीची ओळख तिच्या काठावरून पटते. खणाच्या काठाने ती जाड रेशमी दोऱ्याचा साखळी टाका घालत असे: एका कडीतून दुसरी कडी, दुसरीतून तिसरी, अशी पूर्ण फेरी. आमच्या पेठेतील पुष्कळ मुले त्या काठाखाली निजली आहेत. त्यांतील काही आता माझ्याकडे रहिवासाच्या दाखल्यासाठी येतात.

पौष महिन्यात ओल्या फरशीवरून तिचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. यथावकाश प्लॅस्टर निघाले, हाड जुळले, पण चिमटीतील जोर परत आला नाही. ती कणीक मळू शके, बादली उचलू शके. सुई मात्र चार टाक्यांनंतर बोटांतून गळून पडे. चुकलेला टाका नखाने उसवणे तर त्याहून कठीण झाले. पडलेली सुई शोधायला ती चुंबक फिरवी, सुई डबीत ठेवी आणि स्वयंपाकघरात जाई.

तिच्या दोऱ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्यातून बिस्किटे आणली होती. बिस्किटे संपली, डबा राहिला. माझी वहिनी, म्हणजे तिची थोरली जाऊ, नेसरीजवळच्या आमच्या मूळ गावी राहते आणि गुढीपाडव्याला आमच्याकडे येते. एके दिवशी शेंगा सोलता सोलता पत्नी म्हणाली, “औंदा डबा जाऊबाईस्नी देऊन टाकते. दोरं तरी कुजायचं न्हाईत.”

बोलणे दोऱ्यांविषयी होते. दोऱ्यांपुरते ते नव्हते, एवढे समजण्यास शिक्षणाची आवश्यकता नव्हती.

मी तिला विचारले की, दुसरा काही उपाय नाही काय. त्यावर तिने सांगितले की, साखळी टाका घालणारे एक जुने मशीन असते. तिचे माहेर गगनबावड्याकडचे. तिकडे पावसाचे चार महिने बायकांना लांब कुठे जाता येत नाही. शेजारच्या शिंपिणीकडे तसले मशीन होते आणि लहानपणी ही तिथे जाऊन बसत असे. हल्लीच्या घरगुती मशीनवर तो टाका येत नाही, परंतु जुने कुठे मिळाले तर तिचे काम चालू राहील. ते मशीन दिसते कसे, चालते कसे, ते मी विचारले नाही. ज्याची माहिती नाही ती गोष्ट घरात विचारण्याची पद्धत मी ठेवलेली नव्हती.

त्याऐवजी मी एका कोऱ्या कागदावर निकष लिहून काढले. साखळी असावी. सर्व भाग जागच्या जागी असावेत. टाका असा मजबूत असावा की ओढला तरी उसवू नये. खाली रेघ मारली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. तो पत्नीला वाचून दाखवला नाही.

पुढे पंधरा दिवस जो अर्जदार येईल त्याच्याकडे मी चौकशी केली. अखेरीस पेठ वडगावचे एक दूधवाले गृहस्थ गोठ्याच्या वीजजोडणीच्या अर्जासाठी आले. त्यांच्या गल्लीतील शिंपी वारले होते आणि त्यांच्या पत्नीला घरातील मशीन काढून टाकायची होती. “दोन हाईत,” ते म्हणाले, “त्यातलं एक साखळीचं हाय बघा.” मी त्यांचा अर्ज त्या दिवशी सर्वांच्या आधी लिहिला.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीने वडगावला गेलो. शिंप्याच्या पत्नी सत्तरीच्या पुढच्या, कृश, मोठ्या आवाजाच्या होत्या. “या पावणं,” म्हणून त्यांनी आधी पाणी दिले, मग मशीन दाखवली. पहिले पायाने चालवण्याचे होते. त्यांनी बाजूची फळी काढली आणि आतून सायकलीची साखळी दिसली, तेल घातलेली, दाते असलेल्या दोन चाकांवर चढवलेली. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात ढिला पडतो म्हणून मालकांनी स्वतः ती बसवली, असे त्यांनी सांगितले. मालक म्हणजे त्यांचे यजमान. शिवणकामाआधी त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते.

येथे माझ्या विचाराची दिशा नमूद करणे आवश्यक आहे. हाताचा साखळी टाका मी घरात रोज पाहत होतो. परंतु एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी चालतो, हा माझा रोजचा अनुभव. ‘फेरफार’ म्हटले की बाहेर लोकांना लबाडी आठवते. तलाठ्याकडे तीच हक्काची नोंद असते. तद्वत यंत्राच्या बाबतीत साखळी टाका म्हणजे साखळीवर चालणाऱ्या यंत्राचा टाका, असा अर्थ मी लावला. चिंधीवर शिवून पाहिले. टाका सरळ आणि घट्ट आला. ओढला तरी हलला नाही. कड्या काही दिसल्या नाहीत. यंत्राचे काम बारीक असल्याने त्या डोळ्यांना दिसत नसाव्यात, असे मी ठरवले.

दुसरे हातमशीन होते. काळे, वीतभर उंचीचे, लाकडी फळीवर बसवलेले. उजव्या बाजूला लाकडी मुठीचे चाक. रंग उडालेला होता तरी वेलबुट्टीची सोनेरी रेघ कुठे कुठे शिल्लक होती. मी खालची पट्टी सरकवून पाहिले, तर आत बॉबिन नाही, आणि ती बसवण्यास जागाही नाही. एक वाकडी आकडी तेवढी फिरत होती. चिंधीवर चार बोटे शिवण घातली, दोऱ्याचे टोक ओढले, आणि सगळी शिवण एका दमात उसवून दोरा माझ्या हातात आला.

शिंप्याच्या पत्नींनी विचारले, “ह्येचं काय करू मग? भंगारात घालू?”

मी त्यांना सांगितले की असे तोंडी ठरवू नये. पायमशीनच्या खरेदीचा कागद मी तिथेच लिहिला, आणि हातमशीनबद्दल स्वतंत्र कागदावर विनामूल्य अभिप्राय दिला: ‘सदर हातमशीनची समक्ष पाहणी केली असता, त्याचा खालचा भाग गहाळ असून टाका टिकत नाही. सबब हे यंत्र निरुपयोगी आहे.’ खाली माझी सही केली. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून वाचून दाखवले. त्यांनी तो कागद मशीनच्या फळीखाली सरकवून ठेवला. पायमशीन टेम्पोत चढवताना त्या आत निघून गेल्या. मी ते पाहिले. त्याचा अर्थ मात्र लावला नाही.

घरी मशीन उतरवले तेव्हा पत्नी दारातच उभी होती. तिने मशीनभोवती एक फेरी मारली आणि फळी काढून साखळी पाहिली. चिंधीवर मी घातलेली शिवण तिने हातात घेतली. पुढून पाहिली. मग, जे मी सत्तावीस वर्षे प्रत्येक मुद्रांकाला करत आलो, ते तिने केले: कापड उलटे केले. दोन्ही बाजूंना सारखीच सरळ शिवण होती.

“अवो,” ती म्हणाली, “ही साखळी सायकलची हाय.”

मी फेरफाराचे उदाहरण देण्यास प्रारंभ केला. तिने ते पूर्ण ऐकून घेतले, हे मला मान्य केले पाहिजे. मग ती आत जाऊन तांदळाचे न फोडलेले पोते ओढत घेऊन आली. पोत्याचे तोंड शिवलेले होते. तिने एका बाजूची शिवण मला दाखवली: साधी सरळ रेघ. पोते फिरवून दुसरी बाजू दाखवली: कडीत कडी अडकलेली, सलग साखळी. मग डाव्या हाताने कोपऱ्यातील नेमके टोक धरून ओढले आणि पोत्याचे तोंड सर्रकन उघडले. ही पोती मी आयुष्यभर चाकूने कापत आलो आहे.

तिने सांगितले ते असे. एकाच दोऱ्याचा टाका असल्यामुळे खाली बॉबिन लागत नाही. वाकडी आकडी दोऱ्याची कडी धरते आणि पुढच्या कडीत सोडते. साखळी उमटते ती कापडाच्या खालच्या बाजूला, म्हणून कापड उलटे धरून शिवायचे, म्हणजे नक्षी सुलट बाजूला येते. शेवटच्या कडीतून दोरा काढून घेतला की शिवण पक्की, तोवर टोक ओढले की उसवते. “म्हणून तर पायजे मला,” ती म्हणाली. “चुकलं की वडायचं. नखानं उकरत बसाय नको. आता माझ्या नखात जोर कुठाय?”

बॉबिन नाही. टोक ओढले की उसवते. खाली वाकडी आकडी. मी पलंगावर बसलो आणि वडगावच्या हातमशीनबद्दल तिला सांगितले. माझ्या अभिप्रायाचा कागदही सांगितला, त्यातील ‘सबब’सकट.

ती रागावली असती तर मला उत्तर सुचले असते. तिने उतरंडीवरचा दोऱ्यांचा डबा खाली काढला, पदराने पुसला आणि दारापाशी, पाहुण्यांच्या पिशव्या ठेवतो तिथे नेऊन ठेवला. पाडव्याला तीन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी वडगावच्या दूधवाल्यांना फोन केला, तर ते हातकणंगल्याला गेलेले होते. शिंप्याच्या पत्नींकडे फोन नव्हता. त्या रोजी कचेरीत मी एका अर्जावर एकच तारीख दोनदा लिहिली. माझा कागद वाया जात नाही, असे मी लोकांना अभिमानाने सांगत आलो होतो. तो खरोखरीच वाया गेला नसेल तर मशीन एव्हाना भंगारवाल्याच्या हातगाडीवर असणार होते, आणि ते माझ्या सहीने.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी टेम्पोत पायमशीन परत चढवले. पत्नी म्हणाली, या खेपेला मी येते. मी नको म्हणालो नाही.

शिंप्याच्या पत्नी उंबऱ्यावर लसूण सोलत होत्या. टेम्पोतले मशीन दिसताच त्या उठल्या, टेम्पोपर्यंत आल्या आणि फळीवर हात ठेवून म्हणाल्या, “आलं व्हय घरला.” त्या दिवशी त्या आत का निघून गेल्या होत्या, ते मला तेव्हा कळले. चूक कशी झाली ते पत्नीनेच त्यांना सांगितले, माझी बाजू जेवढी राखता येईल तेवढी राखून. मी फक्त हातमशीनबद्दल विचारले.

त्यांनी सांगितले की, मी मशीन घेऊन गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी आला होता. असली मशीन म्हणे हॉटेलवाले शोभेला ठेवतात. त्याला ते हातमशीन पसंत पडले होते. “पर मी म्हटलं, फसवायचं कशाला माणसाला. तुमचा कागद दावला. त्यानं वाचला, हात जोडला आणि गेला की.” म्हणजे माझ्या चुकीच्या कागदानेच मशीन राखले होते. भंगारवाला आम्ही परत गेलो त्याच दिवशी सायंकाळी येणार होता.

मशीन फळीसकट बाहेर आणले गेले. माझा कागद अजून खालीच होता. पत्नीने मांडी घातली आणि मशीन समोर घेतले. मी निकषांचा कागद खिशातून काढला नाही. तिने आधी चाक आपल्याकडून पुढे, अगदी सावकाश फिरवले आणि आकडी सुईजवळून जाताना पाहिली. आकडीच्या टोकावरून दोरा फिरवून तो कुठे अडकतो का, ते तपासले. मग तिने शिंप्याच्या पत्नींना विचारले की सुया आहेत का. या मशीनला हल्लीची सुई लागत नाही. त्यांनी देव्हाऱ्यामागून एक काड्यापेटी आणली. तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या नऊ सुया निघाल्या. पत्नीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. वारसनोंद मंजूर झालेल्या माणसाचा असा चेहरा मी पुष्कळदा पाहिला आहे. घरात पाहिला नव्हता.

तिने पिशवीतून खणाचा तुकडा काढला आणि उलटा धरला. डाव्या हाताने कापड, उजव्या मुठीत चाक. चाकाला चिमूट लागत नाही, मूठ पुरते. मनगट फिरवत राहायला डॉक्टरांनी सांगितलेच होते. वीतभर शिवण झाल्यावर तिने कापड सुलट केले. लाल खणावर पिवळी साखळी होती, जरा वाकडी. तिने टोक ओढले, शिवण सरसर निघाली, आणि तिने पुन्हा घातली. तीन वेळा उसवली, तीन वेळा घातली. शिंप्याच्या पत्नी मला म्हणाल्या, “बघा पावणं, टिकत न्हाई म्हणालासा ते ह्येच न्हवं?”

मशीनच्या बदल्यात मशीन, असे ठरले. परंतु त्यांनी एक अट घातली.

“आदी तो कागद मोडा. एका कागदावर वाईट लिवलंय आणि तुम्ही चांगलं म्हणून न्हेताय. उद्या मला कोण खोटी म्हणंल.”

दस्तात चूक झाली तर चूकदुरुस्तीपत्र करावे लागते. दुसऱ्यांच्या चुकांची अशी पत्रे मी शेकड्यांनी लिहिली आहेत. माझ्या स्वतःच्या चुकीचे एकही लिहिलेले नव्हते. उंबऱ्यावर बसून, गुडघ्यावर पाटी घेऊन मी लिहू लागलो. पहिल्या मसुद्यात ‘नजरचुकीने’ असा शब्द आला. लोकांच्या पत्रांत तो मी नेहमी घालतो, त्याने कोणाला लागत नाही. पत्नी समोर चाक फिरवत होती. नजर चुकली नव्हती. मी विचारले नव्हते. तो शब्द मी खोडला.

मग रीतीप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले: ‘सदर हातमशीनबाबत मी पूर्वी दिलेला अभिप्राय चुकीचा आहे. त्याचा कोणताही भाग गहाळ नाही. टोक ओढले असता टाका उसवतो, हा त्या टाक्याचा गुण आहे. मला त्याची माहिती नव्हती, आणि ज्यांना होती त्यांना मी विचारले नाही.’

“बरोबर आहे?” मी विचारले.

शिंप्याच्या पत्नी म्हणाल्या, “मला काय इचारता? तिला इचारा.”

पत्नीने चाक थांबवले. “बरूबर हाय,” ती म्हणाली. “सही करा खाली.”

मी सही केली. शिंप्याच्या पत्नींनी दोन्ही कागद एकत्र शिवून मागितले, वेगळे होऊ नयेत म्हणून. कागद शिवणे हे माझे काम. मी दाभण काढण्यासाठी पिशवीत हात घातला, तोवर पत्नीने ते मशीनखाली सरकवलेही होते. शेवटच्या कडीतून दोरा तिने डाव्या हाताने काढून ओढून घेतला. टोक धरून मी हळूच ओढून पाहिले. शिवण हलली नाही.

पाडव्याला वहिनी आली. दारापाशी डबा नव्हता. तो मशीनच्या फळीवर होता, झाकण उघडे. वहिनीने नातवासाठी कुंची मागितली आणि ती चार दिवस थांबून घेऊन गेली. काठ थोडा वाकडा आहे, असे पत्नीने तिला स्वतःच दाखवले.

सुईत दोरा ओवण्याइतकी चिमूट अद्याप तिच्या बोटांत आलेली नाही. म्हणून कचेरीला निघण्यापूर्वी चष्मा लावून मी तो ओवून देतो. कोणता रंग, ते आधी विचारतो. मग ती चार टाके घालून पाहते, कापड उलटे करते, मागची बाजू तपासते, आणि बरोबर असेल तर मला जा म्हणते.